दीपगृहाच्या सज्ज्यातून देवमासा

श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या पुलाखालून वाहणारी प्रवरा अरबी समुद्राला कधीच मिळत नाही. रतनगडावर ती उगम पावते तेव्हा अरबी समुद्र तिच्यापासून सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरवर असतो. पण सह्याद्रीचा कडा तिला पश्चिमेकडे उतरू देत नाही. भंडारदऱ्याच्या धरणात थांबून, अकोले-संगमनेर मागे टाकून ती बेलापूर बुद्रुक आणि बेलापूर खुर्दच्या मधून पुढे जाते, नेवासे तालुक्यात टोक्याजवळ गोदावरीला मिळते आणि हजाराहून जास्त किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागरात पोचते. आंध्रात गोदावरीच्या मुखापाशी अंतर्वेदीला एक दीपगृह आहे. बेलापूरच्या शिवारातून वाहून गेलेल्या पाण्याला समुद्राच्या दारात दिसणारा दिवा तो.

बेलापूरची माणसं मात्र समुद्र बघायला निघतात ती पश्चिमेला. श्रीरामपूर, अहिल्यानगर, पुणे आणि मग एखादा घाट उतरून कोकण. सहलीचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो: देऊळ, किल्ला, किनाऱ्यावरचं भिजणं, मासळीचं जेवण आणि वेळ उरलाच तर दीपगृह. तिथंही वर चढायचं, फोटो काढायचे, उतरायचं. दहा मिनिटांत सगळं आटोपतं. खरं तर दीपगृहाची जागा ज्या कारणासाठी निवडलेली असते, त्याच कारणामुळे ती समुद्रातले प्राणी पाहण्यासाठी उत्तम असते. म्हणून अर्धा दिवस तिथं द्यायला हवा.

कारण साधं आहे. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे आपल्याला किती लांबचा समुद्र दिसणार हे डोळा पाण्यापासून किती उंचीवर आहे यावर ठरतं. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला ३.५७ नं गुणायचं, की क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. वाळूत उभ्या असलेल्या माणसाचं क्षितिज साडेचार किलोमीटरवर संपतं. पंचवीस मीटर उंचीवरून ते अठरा किलोमीटरवर जातं, आणि टेकडी व मनोरा मिळून शंभर मीटर उंची असेल तर जवळपास छत्तीस किलोमीटरवर. दीपगृह बांधणाऱ्यांना दिवा जास्तीत जास्त लांबून दिसायला हवा होता. तोच हिशेब उलट दिशेनं, दिव्याशेजारी उभ्या राहिलेल्या माणसालाही लागू होतो.

उंचीचा आणखी एक फायदा आहे. किनाऱ्यावरून पाहताना नजर पाण्याला जवळजवळ समांतर जाते, लाटांच्या ओळी एकामागे एक लपतात आणि पाण्याचा वरचा चकाकणारा पापुद्रा तेवढा दिसतो. वरून पाहिलं की नजर पाण्यात उतरते. माशांचा थवा गडद डागासारखा दिसतो, दोन प्रवाह जिथं भेटतात तिथं फेसाची रेघ दिसते, आणि श्वास घेऊन खाली गेलेला डॉल्फिन पाण्याखाली कुठल्या बाजूला वळला हेही कधी कधी कळतं.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अशा जागांना तोटा नाही. मुंबईच्या दक्षिण टोकाला थॉमस ऑर्मिस्टन यांनी उभारलेलं प्राँग्ज दीपगृह १८७५ पासून आहे. मोठी ओहोटी असली की तिथं खडकांवरून चालत जाता येतं. थळच्या समोर खांदेरीवर १८६७ पासून दिवा आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी यांच्या नाकावर टिच्चून बांधायला घेतलेला हाच तो किल्ला, २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या मराठा किल्ल्यांपैकी एक. बेटावर कोळ्यांचा वेताळ आहे, आणि समुद्रात जाणारा माणूस त्याला मानल्याशिवाय पुढे जात नाही. कुंडलिका खाडीच्या तोंडाशी कोर्लईचं, दाभोळच्या खाडीपाशी अंजनवेलच्या गोपाळगडाजवळ टोळकेश्वरचं, मग जयगड, रत्नागिरीच्या भगवती किल्ल्यावरचं, देवगडच्या किल्ल्यातलं १९१५ सालचं, आणि अगदी दक्षिणेला वेंगुर्ल्याच्या समोर भर समुद्रातल्या खडकावरचं. केंद्र सरकारच्या दीपगृह खात्यानं यांतली बरीच लोकांसाठी उघडली आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशभरातली ७५ दीपगृहं पर्यटनाच्या सोयींसह लोकार्पण झाली. बहुतेक ठिकाणी तिकीट घेऊन संध्याकाळच्या ठरावीक वेळेत वर सोडतात.

प्राणी पाहण्यासाठी मात्र कोकणात सकाळच हवी. किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी ऊन पाठीमागून येतं आणि समुद्राचे खरे रंग दिसतात. दुपार झाली की खारा वारा सुटतो, लाटांच्या माथ्यावर पांढरे तुरे येतात आणि त्या हजारो तुऱ्यांत एक काळी पाठ शोधणं कठीण होतं. संध्याकाळी तर सूर्य थेट डोळ्यांत असतो. म्हणून सकाळी दीपगृहाचं दार बंद असलं तरी त्याच्या कुंपणाबाहेरच्या कड्यावर बसावं. मनोऱ्याची उंची मिळाली नाही तरी टेकडीची मिळते.

आता देवमाशाकडे येऊ.

ऑस्ट्रेलियातल्या केप बायरनच्या दीपगृहावर जून ते नोव्हेंबर या काळात गेलं तर हंपबॅक देवमासे किनाऱ्याच्या जवळून जाताना दिसतात. कॅलिफोर्नियात पॉइंट रेयसच्या १८७० सालच्या दीपगृहाच्या पायऱ्यांवर हिवाळ्यात लोक करड्या देवमाशांसाठी थांबतात. आपल्या शेजारी, श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला दोंद्रा हेडचं दीपगृह आहे, आणि त्याच्या समोरच्या पाण्यात निळा देवमासा, पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर सापडतो. मग देवगडच्या किल्ल्यावरून तो रोज का दिसू नये?

याचं उत्तर समुद्राच्या तळाशी आहे. जमीन पाण्याच्या कडेला संपत नाही. ती उथळ उताराच्या रूपानं समुद्राखाली पुढे जात राहते, आणि एका ठिकाणी तो उतार मोडून तळ एकदम हजारो मीटर खोल जातो. पाण्याखालच्या या उथळ पट्ट्याला भूखंडमंच म्हणतात. दोंद्राच्या समोर हा मंच अगदी अरुंद आहे, काही किलोमीटरचाच. खोल पाणी दाराशी, म्हणून खोल पाण्यातला प्राणीही दाराशी. मुंबईच्या समोर हाच मंच अडीच-तीनशे किलोमीटर रुंद आहे, आणि दक्षिणेला सिंधुदुर्ग-गोव्याकडे अरुंद होत गेला तरी शंभर किलोमीटरच्या आसपास राहतो. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, या मंचाच्या कडेजवळ, कान्होजी आंग्रे यांच्या नावानं ओळखली जाणारी आंग्रिया बँक आहे: पाण्यात बुडालेलं, सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरचं पठार आणि त्यावर प्रवाळ. त्याचा माथाही पृष्ठभागापासून वीस-बावीस मीटर खाली असल्यामुळे तिथं पाण्याबाहेर काही दिसत नाही. २०१९ च्या अखेरीस शास्त्रज्ञांची एक मोहीम तिथं जाऊन आली. कोकणातला देवमाशाचा मुलूख तिथपासून सुरू होतो, आणि कुठल्याही दीपगृहाचं क्षितिज तिथवर पोचत नाही.

तरीही देवमासे किनाऱ्याकडे येतात. २०१५ मध्ये कोकणातल्या डॉल्फिन-देवमाशांचा अभ्यास करणाऱ्या तरुण संशोधकांच्या गटाला कुणकेश्वरच्या समोर निळे देवमासे दिसले. हे संशोधक त्या वेळी सिंधुदुर्ग किनाऱ्यावरच्या एका संवर्धन प्रकल्पात वनखात्याबरोबर काम करत होते आणि होडीतून ठरावीक रेषांवर पुन्हा पुन्हा फिरून, दिसेल ते नोंदवत होते. शंभर वर्षांनी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर निळा देवमासा, अशा बातम्या तेव्हा झळकल्या. या शंभर वर्षांचा अर्थ नीट लावायला हवा. देवमासे शतकभर रजेवर गेले होते असं समजण्याचं कारण नाही. त्या शतकात वही-पेन्सिल घेऊन, शिस्तीनं कुणी पाहिलं नव्हतं. मालवण-देवगडच्या तांडेलांना, म्हणजे होड्या चालवणाऱ्यांना, पाण्यातून उडणारे फवारे माहीत होतेच. त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि विचारल्यावर लिहून ठेवलं नव्हतं.

या भागात देवमासा येतो कशासाठी, हेही पाहण्यासारखं आहे. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाजूला ढकलतो आणि खालचं थंड, क्षारांनी समृद्ध पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांच्यावर बारीक कोळंबीसारखे जीव, त्यांच्यावर तारली, बांगडा, मांदेली, आणि या सगळ्यांवर देवमासा. पावसाळ्यानंतर कोकणच्या बाजारात बांगड्याचे ढीग लागतात ते याच साखळीमुळे. महाराष्ट्रात जून-जुलैमध्ये यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होड्या पुन्हा पाण्यात उतरतात, आणि ऑक्टोबरपासून समुद्र शांत होत जातो. पाहणाऱ्याचा हंगामही तोच: ऑक्टोबर ते मार्च.

लांबून देवमासा ओळखायचा तो त्याच्या श्वासावरून. फुप्फुसातली दमट हवा जोरात बाहेर पडते आणि पाण्याच्या कणांचा फवारा उभा राहतो. निळ्या देवमाशाचा फवारा सरळ, बारीक आणि आठ-नऊ मीटर उंच. स्वच्छ सकाळी तो पाच-सात किलोमीटरवरूनही हेरता येतो. ब्राइड्स व्हेल हा आपल्या पाण्यात जास्त वेळा भेटणारा, बारा-चौदा मीटरचा देवमासा. त्याचा फवारा याच्या निम्म्याहूनही बुटका आणि पसरट, आणि जवळून पाहिलं तर डोक्यावर तीन उंचवटे स्पष्ट दिसतात. स्पर्म व्हेलची नाकपुडी एकच, डोक्याच्या टोकाला आणि डावीकडे, म्हणून त्याचा फवारा तिरका, पुढे झुकलेला. पहिला फवारा दिसला की दुर्बीण हलवायची नाही. देवमासा पृष्ठभागावर असताना अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या अंतरानं चार-सहा श्वास घेतो आणि मग खोल जातो. तो परत वर यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. या दहा मिनिटांतच बहुतेक लोक कंटाळून उठतात.

देवमासा न दिसण्याची शक्यताच जास्त. पण कोकणातल्या दीपगृहावरून डॉल्फिन न दिसण्याची शक्यता, शांत सकाळ असेल तर, बरीच कमी. इथला नेहमीचा डॉल्फिन म्हणजे हिंदी महासागरी हंपबॅक डॉल्फिन. पाठीवर लांबट कुबड, त्या कुबडावर छोटा पर, रंग शिशासारखा. तो उथळ पाण्यातला प्राणी आहे. वीस-पंचवीस मीटरपेक्षा खोल पाणी त्याला आवडत नाही, आणि खाडीच्या तोंडाशी भरती-ओहोटीबरोबर ये-जा करणाऱ्या माशांवर तो जगतो. म्हणजे जिथं खाडी समुद्राला मिळते तिथं तो असतो, आणि नेमक्या तिथंच, होड्यांना खाडीची वाट दाखवायला, दीपगृहं बांधलेली असतात. टोळकेश्वरवरून दाभोळची खाडी, कोर्लईवरून कुंडलिका, जयगडवरून शास्त्री: प्रत्येक ठिकाणी दिवा आणि डॉल्फिन एकाच वाटेवर आहेत. मुंबईतसुद्धा वरळी आणि मरीन ड्राइव्हच्या समोर हेच डॉल्फिन दिसतात, एवढ्या गजबजाटात.

त्याचं वर येणं संथ असतं. आधी लांब चोच तिरकी बाहेर येते, मग कपाळ, मग कुबड गोल वळतं आणि सगळं अंग पाण्यात घसरतं. खोल बुडी मारायची असेल तर शेवटी शेपटीचे पंखे दिसतात. चित्रपटातल्या डॉल्फिनसारख्या उड्या तो क्वचितच मारतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत २०१७ पासून तो 'धोक्यात आलेला' म्हणून नोंदला आहे. किनाऱ्याच्या अरुंद पट्ट्यात त्याचं सगळं आयुष्य जातं, आणि माणसाची जाळी, बंदरं, सांडपाणी, होड्यांचे पंखे हे सगळंही त्याच पट्ट्यात आहे.

त्याच पाण्यात आणखी एक प्राणी आहे, तो सहज नजरेतून सुटतो. फिनलेस पॉरपॉइज, म्हणजे पाठीवर परच नसलेला, दीड मीटरभर लांबीचा, चोच नसलेल्या गोल तोंडाचा डॉल्फिनचा नातेवाईक. तो पाण्याबाहेर इतका कमी येतो की होडीतून तर तो सहसा दिसतच नाही. किनाऱ्यावर मेलेला सापडतो तेव्हाच बहुतेकांना तो आपल्या समुद्रात आहे हे कळतं. एक सपाट, काळसर पाठ क्षणभर वर आली आणि तिच्यावर काहीच नव्हतं, तर तो फिनलेस. उंचावरून, काचेसारख्या पाण्यात, त्याला पाहण्याची संधी थोडी तरी वाढते.

दीपगृहावरून पाहण्याचं खरं मोल इथं आहे. तारकर्ली, मुरुड-हर्णै, गुहागर अशा ठिकाणी डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या सकाळी सुटतात, आणि त्यावर कित्येक घरांची चूल चालते. त्यांतले जाणते नाखवे इंजिन मंद करून लांब थांबतात. पण हंगामाच्या गर्दीत एक पाठ दिसली की चार-पाच होड्या एकदम तिच्याकडे धावतात, कळप फुटतो, पिल्लू आणि आई वेगळ्या दिशांना बुडी मारतात. डॉल्फिन आवाजावर जगतो. शिकार, वाट, एकमेकांची हाक हे सगळं त्याला ऐकूनच कळतं. त्याच्या भोवती इंजिनं फिरवणं म्हणजे त्याला काही काळ आंधळं करणं. टेकडीवरच्या माणसाचा मात्र त्याला पत्ताही लागत नाही. त्यामुळे तो जे करताना दिसतो ते त्याचं नेहमीचं वागणं असतं, आणि निसर्ग पाहायचा तर असाच पाहावा.

आता या सगळ्या दीपगृहांतलं सर्वांत दुर्गम. वेंगुर्ल्याच्या वायव्येला भर समुद्रात काही उघडे खडक वर आले आहेत. नकाशावर ते वेंगुर्ला रॉक्स, त्यांतल्या मोठ्याचं नाव बर्न्ट आयलंड, आणि पर्यटकांच्या तोंडी निवती रॉक. निवतीच्या बंदरातून होडीनं तिकडे जातात. धक्का वगैरे नाही. लाट होडीला वर उचलते त्या क्षणी खडकावर पाय टाकायचा, एवढंच. समुद्र थोडा जरी उठलेला असेल तर तांडेल लांबूनच बेट दाखवून परत फिरतो, आणि त्याचं ऐकावं. माथ्यावर दीपगृह आहे, ब्रिटिश काळापासून. पाणी, शिधा, इंधन, सगळं किनाऱ्यावरून न्यायचं. पावसाळ्यात तर या बेटाचा किनाऱ्याशी संबंधच तुटतो.

आणि पावसाळ्यातच तिथली सर्वांत मोठी घडामोड होते. सुरय हे समुद्रपक्षी या खडकांवर विणीला येतात. माणूस पोचू शकत नाही, मांजर-कुत्रं-उंदीर यांची भीती कमी, खाली समुद्रात मासे भरपूर. १८७५ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम इथं आले होते. दहा वर्षांनी काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच ह्यूम. पक्षिशास्त्रात त्यांचं नाव त्याआधीच मोठं होतं. त्यांना खडकावर ब्राइडल्ड टर्न या सुरय पक्ष्यांची वाळून गेलेली कलेवरं मोठ्या संख्येनं पडलेली आढळली. पुढे पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी या बेटावरच्या सुरय आणि पाकोळ्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९४० मध्ये लेख लिहिला.

पाकोळी हे या बेटाचं दुसरं वैभव. बेटाच्या पोटात समुद्रानं कोरलेली गुहा आहे. आत लाट शिरते तेव्हा खडक घुमतो, आणि त्या अंधारात पाकोळ्या टिकटिक असा बारीक आवाज करत उडतात. आवाज भिंतीवर आपटून परत येतो, त्यावरून त्या वाट काढतात. वटवाघळाची विद्या, पण माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या आवाजात. घरटं कड्याला चिकटवलेल्या अर्ध्या वाटीएवढं, पक्ष्याच्या लाळेनं सांधलेलं. हीच लाळ त्यांच्या जिवावर उठली. पूर्व आशियात या घरट्यांच्या सुपाला मोठी किंमत येते. या शतकाच्या सुरुवातीला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं इथल्या घरट्यांची तस्करी उघडकीला आणली. गुहेत बांबूंचे मचाण बांधून घरटी खरवडली जात होती. वनखात्यानं कारवाई केली, पहारा बसला, पाकोळ्या टिकल्या.

कड्यांवर समुद्र गरुड असतो, पांढऱ्या पोटाचा. त्याच्या घरट्याखाली सापडणाऱ्या हाडांत समुद्रसापांचे अवशेष असतात, कारण पृष्ठभागावर श्वास घ्यायला आलेला साप उचलणं हा त्याचा हातखंडा आहे. दीपगृहाच्या उंचीवरून हा गरुड कधी कधी खालून उडताना दिसतो. पंखांची वरची राखाडी बाजू, जी जमिनीवरून पाहणाऱ्याला क्वचित दिसते, तिथं पूर्ण दिसते. बेटाच्या आसपास डॉल्फिन फिरतात. याच परिसरात, नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका बुडवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभिंत करण्याची राज्याची योजना आहे. त्यातून रोजगार मिळेल हे खरंच आहे. पण पाकोळ्यांच्या गुहेच्या तोंडाशी होड्यांची रांग लागणार नाही, आणि विणीच्या काळात बेटावर कुणी उतरणार नाही, याचे नियम आधी व्हायला हवेत. उत्तरेला मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरचं. तिथल्या लोकांशी आधी न बोलता रेघा आखल्यामुळे किती वर्षं कटुता राहिली, हे त्या जिल्ह्याला चांगलं ठाऊक आहे.

आता या पाण्यातल्या प्राण्यांच्या प्रवासांकडे येऊ. गुहागरच्या वाळूवर जानेवारी २०२५ मध्ये एक ऑलिव्ह रिडली कासवी अंडी घालायला आली. तिच्या परावर धातूचा बिल्ला होता. क्रमांक तपासला तेव्हा कळलं की तो २०२१ मध्ये ओडिशात अडकवलेला आहे. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या कासवांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं तोवर मानलं जायचं. ही कासवी मात्र बंगालच्या उपसागरातून, गोदावरी जिथं मिळते त्या समुद्रातून, अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून टोळकेश्वरच्या दिव्याजवळ पोचली होती. दीपगृहावरून कासव दिसतं ते तरंगत्या नारळासारखं, मिनिटभर. मग डोकं खाली जातं. जोडीनं तरंगणारी कासवं डिसेंबरनंतर दिसली तर जवळपासच्या किनाऱ्यावर लवकरच घरटी होणार असं समजावं.

देवमाशांचे प्रवास याहून मोठे. जगातले बहुतेक हंपबॅक देवमासे उन्हाळ्यात ध्रुवाकडे खायला आणि हिवाळ्यात विषुववृत्ताकडे विणीला जातात. अरबी समुद्रातले हंपबॅक मात्र ध्रुवाकडे जातच नाहीत. खाणं, वीण, सगळं इथंच. जनुकांच्या अभ्यासावरून ते सुमारे सत्तर हजार वर्षं बाकीच्यांपासून वेगळे राहिले आहेत, आणि ओमानच्या किनाऱ्यावर त्यांची संख्या शंभरच्याही आत असल्याचा अंदाज आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानला 'लुबान' नावाच्या मादीला उपग्रह-यंत्र लावलं. ती अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या समोर आली आणि तिथून किनारा धरून दक्षिणेला कन्याकुमारीच्या बाजूला गेली. वेंगुर्ल्याच्या दिव्यापासून तिचा मार्ग फार लांब नव्हता. लक्षद्वीपला, कवरत्तीजवळ पाण्याखाली ठेवलेल्या ध्वनियंत्रांनी निळ्या देवमाशांची गाणीही टिपली आहेत, उत्तर हिंदी महासागरातल्या देवमाशांची म्हणून ओळखली जाणारी खास चाल असलेली.

हे प्राणी वर्षभर इथंच असतात हे जगाला समजलं ते मात्र एका कत्तलीतून. १९६३ ते १९६६ या काळात सोव्हिएत संघाच्या शिकारी जहाजांनी आंतरराष्ट्रीय करार मोडून उत्तर हिंदी महासागरात सुमारे तेराशे निळे देवमासे मारले आणि अरबी समुद्रात २४२ हंपबॅक. आकडे लपवले गेले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर, त्या जहाजांवर काम केलेल्या युरी मिखालेव यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी खऱ्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पोटात ताजं अन्न होतं, गर्भ होते. म्हणजे हे पाहुणे नव्हते, इथलेच होते. १९७९ मध्ये हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयारण्य ठरला. आज कड्यावर बसून फवारा दिसत नाही, त्यामागे भूखंडमंचाच्या रुंदीबरोबर ही शिकारही आहे.

जवळून देवमासा पाहिलेल्या कोकणातल्या बहुतेक लोकांनी तो किनाऱ्याला लागलेला पाहिला आहे. जून २०१५ मध्ये कोर्लईच्या दिव्यासमोर, खाडीपलीकडे रेवदंड्याला, ४२ फुटी निळा देवमासा जिवंत वाळूवर आला. लोकांनी खूप धडपड केली. तो वाचला नाही. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत जुहूला ब्राइड्स व्हेलचं प्रेत लागलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीच्या गर्दीत, गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू आलं. गावकरी, मच्छीमार, वनखातं, पशुवैद्य, पोलीस यांनी सुमारे चाळीस तास त्याला ओलं ठेवलं आणि शेवटी टग बोटीच्या मदतीनं खोल पाण्यात नेलं. पुढे ते मेलेलं आढळलं. दूध पिणारं पिल्लू आईपासून तुटलं की त्याला वाचवणं जवळपास अशक्य असतं, हे डॉक्टरांना माहीत होतं. तरीही रात्रभर बादल्या वाहिल्या गेल्या, आणि त्यासाठी त्या किनाऱ्याच्या लोकांना मानलं पाहिजे.

मच्छीमारांच्या बाबतीत राज्यानं एक शहाणपणाचं पाऊल उचललं आहे. डिसेंबर २०१८ पासून, जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी, म्हणजे देवमासा, डॉल्फिन, कासव, व्हेल शार्क, जाळं कापून सोडला तर कांदळवन प्रतिष्ठानामार्फत २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सुटकेचे फोटो किंवा व्हिडिओ पुरावा म्हणून द्यावे लागतात. त्यामुळे कोकणच्या समुद्रात काय काय आहे याची नोंद आपोआप तयार होऊ लागली. कापलेल्या प्रत्येक जाळ्यामागे एक प्राणी, एक जागा, एक तारीख.

पाहायला गेलेल्या माणसानंही तेवढंच लिहून आणावं: तारीख, वेळ, ठिकाण, दिशा, किती प्राणी, पिल्लू होतं का, भरती की ओहोटी, वारा किती. आठ किंवा दहा पट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरते. समुद्राचे मनात पट्टे पाडायचे आणि डावीकडून उजवीकडे सावकाश नजर फिरवायची. कुरव आणि सुरय एका जागी गोळा होऊन पाण्यावर झेपावत असतील तर तिथं थांबायचं, कारण खालून मोठा मासा किंवा डॉल्फिन छोट्या माशांना वर ढकलत असतो.

आणि वाळूवर जिवंत देवमासा किंवा डॉल्फिन दिसलाच तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक लावावा. तोवर गर्दी लांब ठेवावी, अंगावर ओली चादर किंवा पोती टाकून पाणी मारत राहावं, पण डोक्यावरच्या नाकपुडीवर कापड येऊ देऊ नये आणि तिच्यात पाणी जाऊ देऊ नये. शेपटीला किंवा परांना दोर बांधून ओढू नये. स्वतःच्याच वजनाखाली त्याची फुप्फुसं दबलेली असतात आणि सांधे सहज निखळतात. पोटाखालची वाळू उकरून परांसाठी खळगे करावेत, त्यात पाणी साठू द्यावं, आणि पुढची भरती किती वाजता आहे हे गावातल्या कुणालाही विचारून वनखात्याच्या माणसाला फोनवरच सांगावं.